आधी नकाशा काढ

प्रिय,

तुझं दुसरं प्रकरण वाचलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या अकराव्या मतदारसंघातून निवडून आलेल्यांची यादी समोर ठेवून तू ‘परंपरा’ शोधतेस. वर जॉन क्विन्सी ॲडम्स, खाली जॉन केनेडी, आणि मधला धागा सापडत नाही म्हणून रडकुंडीला आलीस. अगं, धागा नाहीच. आधी नकाशा काढ, मग नावं वाच.

ॲडम्सचंच बघ. राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर हा माणूस १८३१ मध्ये प्रतिनिधीगृहात आला तो अकराव्यातून. १८३३ पासून बारावा, १८४३ पासून आठवा. त्याचं घर मात्र क्विन्सी गावातच होतं. राज्याच्या जागा तेराच्या बारा, बाराच्या दहा झाल्या आणि मतदारसंघांच्या रेषा त्याच्या डोक्यावरून सरकल्या. गुलामगिरीविरुद्धचे अर्ज विचारातच घ्यायचे नाहीत, ही सभागृहाची बंदी १८३६ ची. ती उठेपर्यंत १८४४ उजाडलं. म्हणजे त्या बंदीविरुद्धच्या ज्या लढ्यासाठी ॲडम्स लक्षात राहिला, तो लढा बाराव्यात सुरू होऊन आठव्यात संपला. तुझ्या अकराव्यात त्यातलं काहीच नाही!

केनेडी १९४६ साली जिंकला तो अकरावा म्हणजे केंब्रिज, चार्ल्सटाऊन, ईस्ट बॉस्टन. त्याच्या आधी कर्ली, नंतर टिप ओ’नील. हा ओ’नील १९६३ मध्ये आठव्यात गेला. ॲडम्सचाही शेवटचा आकडा आठच होता, म्हणून आता त्यातून काही काढत बसू नकोस. नकाशा!

चिडतोय, कारण हे मी केलंय. क्विन्सीच्या चर्चखाली ॲडम्स बापलेकांच्या थडग्यांपाशी उभं राहून पाहुण्यांना ऐटीत सांगितलं, “यांच्याच जागेवर पुढे केनेडी बसला.” एका शाळकरी पोराने विचारलं, “केनेडीला इथले लोक मत द्यायचे?” नव्हते देत. मी त्याला गप्प केलं. घरी येऊन नकाशा पाहिला, तरी लेखात ते वाक्य तसंच ठेवलं. वाक्य छान होतं गं. आणि अगदीच खोटंही नव्हतं म्हणा. पुढे क्विन्सी अकराव्यात आलंच की. फक्त तोवर केनेडी तिथे नव्हता.

१९९० च्या जनगणनेनंतर राज्याची एक जागा गेली आणि १९९३ मध्ये अकरावा संपला. ब्रायन डॉनेली शेवटचा.

रविवारी ये. १८३३, १८४३ आणि १९६३ च्या रेषा ट्रेसिंग पेपरवर उतरवून आण, क्विन्सीवर टाचणी टोचून एकावर एक ठेवू. ते प्रकरण मात्र घरीच ठेव.

तुझा,
सर