इगतपुरीसारख्या डोंगरातल्या छोट्या गावात सोसायटीतलं रो हाऊस घ्यावं का? मेंटेनन्स कमी लागतो का?

कमी लागतो. इगतपुरीला आम्ही महिन्याला नऊशे भरतो, मुलुंडच्या फ्लॅटला त्याच्या पाचपट. पण नऊशेच का, हे घेताना आम्ही विचारलं नाही. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, दर वर्षी बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचे पैसे) जमा व्हायला हवा. आमच्याकडे तो कागदावरच. छपराचं काम निघालं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

२०१३ साली घर घेतलं ते धाकट्या दिरांच्या हट्टापायी, दोघा भावांच्या नावावर. भाऊजींचं एकच पालुपद: "वहिनी, वर आपलं छत, खाली आपली जमीन, मध्ये कुणाची कटकट नाही." कटकट नाही म्हणे! दोन्ही बाजूंच्या भिंती सामाईक, गच्च्यांमध्ये गुडघाभर कठडा, आणि सोळातले तेरा मालक मुंबई-ठाण्याचे, दिवाळीत आणि मे महिन्यात तोंड दाखवणारे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये गेलो. दार उघडलं तर ओल्या गोणपाटाचा वास. जिन्याच्या भिंतीवर पिवळट ओघळ, बोट लावलं तर गिलावा भिजलेल्या बिस्किटासारखा हातात आला. गाद्यांना बुरशी. मी म्हटलं, सोसायटीला पत्र देऊ, रांगेतल्या चारही गच्च्या एकदम बघून घेऊ. भाऊजी म्हणाले, "आपलं छत आहे, लोकांची वाट कशाला बघायची?" दिवाळीनंतर गच्ची फोडून नवा कोबा केला. पंच्याऐंशी हजार गेले. पुढच्या जुलैत त्याच जागी तोच ओघळ.

तेव्हा वॉचमनची बायको म्हणाली, "ताई, पाणी तुमचं न्हाईच. बाजूच्या गच्चीत तळं साचतंय." ते घर दोन वर्षं कुलपात. ती कठडा ओलांडून गेली, मी इकडे उगाच छत्री धरून उभी. घोटाभर पाणी. तिने कोपऱ्यातल्या पाइपाच्या तोंडात हात घातला आणि जांभळाची पानं, घरट्याच्या काड्या आणि एक लहान मुलाची रबरी चप्पल बाहेर काढली. पाणी घळघळ खाली गेलं. आठवड्याभरात ओघळ थांबला. भाऊजी अजून दर गणपतीत सांगतात, "कोबा केला म्हणून गळायचं थांबलं."

म्हणून सांगते, घर बघायला जुलैत जा. मे महिन्यात सगळीच घरं कोरडी असतात. मुंबईत वर्षाला साधारण २,२०० मिलिमीटर पडतो, इगतपुरीत ३,००० च्या वर. दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे ते आकड्यात विचारा. नोंदणी १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली आहे की १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली, तेही बघा. सोसायटीत एका घराला एक मत, अपार्टमेंटमध्ये मत हिश्श्याच्या टक्क्यावर. छप्पर आणि सामाईक भिंत कुणाच्या खर्चात, ते करारात आणि अपार्टमेंट असेल तर त्याच्या नोंदवलेल्या घोषणापत्रात शोधा, बिल्डरच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, म्हणजे भर पावसात. गणपूर्तीला अकरा लागतात, येतात पाच. मग सभा अर्धा तास तहकूब करून तेच पाच जण सगळं मंजूर करतात.

निवृत्त होऊन बाराही महिने तिथेच राहणार असाल तर यातलं निम्मं सोडून द्या. रोज वापरात असलेलं घर आपली तक्रार आपणच सांगतं. आणि आम्हीही विकणार नाही आहोत. कसाऱ्याला घाट चढायला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लागलं की माझी मुंबई खालीच राहते.

गेल्या सभेत एक ठराव आला: दर जूनच्या आधी सोळाही गच्च्यांचे पाइप वॉचमनच्या बायकोने साफ करावेत, पैसे सोसायटीने द्यावेत. लिहून मीच दिला होता. घरावर पहिलं नाव भाऊजींचं, त्यामुळे मत त्यांचं. "आपल्या गच्चीचं आपण बघू" म्हणत त्यांनी विरोधात हात वर केला. ठराव चार विरुद्ध एक असा पास झाला.