वाचकांचे प्रश्न: जगातले सर्वांत मोठे विमानतळ

प्रश्न: जगातला सर्वांत मोठा विमानतळ कोणता, याचे उत्तर दर ठिकाणी वेगळे मिळते. कुठे दम्माम, कुठे अटलांटा, कुठे दुबई, तर कुठे इस्तंबूल. यातले खरे कोणते?

चारही खरी आहेत. प्रत्येकाने मोजलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. जमीन मोजली तर सौदी अरेबियातला दम्मामचा किंग फहद विमानतळ पहिला येतो. त्याची हद्द सुमारे ७७६ चौरस किलोमीटर आहे. यातला बराचसा भाग मोकळे वाळवंटच आहे आणि धावपट्ट्या दोनच आहेत. त्यानंतर अमेरिकेतला डेन्व्हर येतो, सुमारे १३५ चौरस किलोमीटरचा. इथली जमीन मात्र कामाला लागलेली आहे. सहा धावपट्ट्या एकमेकींपासून इतक्या दूर ठेवल्या आहेत, की एकीवरच्या विमानांमुळे दुसरीवरची फारशी अडत नाहीत.

प्रवासी मोजले तर अटलांटा. २०२४ मध्ये तिथे १०.८ कोटी प्रवाशांची नोंद झाली, आणि जागा जेमतेम १९ चौरस किलोमीटर, म्हणजे दम्मामच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी. गेल्या पंचवीस वर्षांत अटलांटाचा पहिला क्रमांक फक्त २०२० साली, करोनाच्या काळात, हुकला. तेव्हा चीनमधला ग्वांगझू पुढे गेला होता. केवळ आंतरराष्ट्रीय प्रवासी धरले तर दुबई पहिला. २०२४ मध्ये तिथे ९.२३ कोटी प्रवासी झाले, तेही दोन धावपट्ट्यांवर. इमारतीच्या क्षेत्रफळात दुबईचे टर्मिनल ३ (सुमारे १७ लाख चौरस मीटर) आणि इस्तंबूलचे एकाच छताखालचे टर्मिनल (सुमारे १४ लाख चौरस मीटर) यांची नावे पुढे असतात. धावपट्ट्यांच्या संख्येत शिकागोचा ओ'हेअर: आठ. मालवाहतुकीत हाँगकाँग गेली अनेक वर्षे वरच्या स्थानावर आहे.

आमच्या मते जमिनीचा आकडा सर्वांत कमी बोलका. विमानतळाची खरी ताकद पाहायची तर एका तासात किती विमाने उतरू आणि उडू शकतात ते विचारावे.

प्रश्न: प्रवाशांचा आकडा नक्की कसा मोजतात? दुबई किंवा अटलांटात फक्त विमान बदलणारा माणूस त्यात धरतात का?

धरतात, आणि दोनदा धरतात. जागतिक क्रमवारीत उतरलेले आणि चढलेले असे दोन्ही प्रवासी मिळवले जातात. विमान बदलणारा माणूस एका विमानातून उतरतो आणि दुसऱ्यात चढतो, म्हणून त्याची नोंद दोन वेळा होते. जो त्याच विमानाने पुढे जातो, तो एकदाच मोजला जातो. त्यामुळे जिथे विमान बदलणारे जास्त, तिथला आकडा त्या शहरात खरोखर ये-जा करणाऱ्या माणसांपेक्षा बराच फुगलेला दिसतो. दोन विमानतळांची तुलना करताना हे विसरू नये.

प्रश्न: चार-पाच धावपट्ट्या असूनही उड्डाणासाठी विमानांची रांग लागते. एकाच वेळी सगळ्या धावपट्ट्या वापरता येत नाहीत का?

बहुतेक वेळा नाही. कारण आहे धावपट्ट्यांमधले अंतर. दोन समांतर धावपट्ट्यांवर ढगाळ हवेतही एकमेकांची वाट न पाहता विमाने उतरवायची असतील, तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्यांच्या मध्यरेषांत किमान १,०३५ मीटर अंतर लागते. शिवाय रडार आणि नियंत्रकांची व्यवस्थाही त्या दर्जाची हवी. नुसती एकाच वेळी उड्डाणे करायची तर ७६० मीटर पुरतात. दुबईच्या दोन धावपट्ट्यांत चारशे मीटरही अंतर नाही. म्हणून तिथे एक धावपट्टी मुख्यतः उतरण्यासाठी आणि दुसरी मुख्यतः उडण्यासाठी ठेवावी लागते, आणि दोन्हींवरच्या हालचाली एकमेकींशी जुळवून घ्याव्या लागतात. लंडनच्या हीथ्रोच्या दोन धावपट्ट्यांत सुमारे १.४ किलोमीटर अंतर आहे. अडचण तिथे वेगळीच आहे: वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाणे-अवतरणांची कायदेशीर मर्यादा.

दुसरे कारण हवेतले भोवरे. विमानाच्या पंखांच्या टोकांपासून मागे जोरदार भोवरे निघतात आणि विमान जितके जड तितके ते बळकट असतात. एरवी दोन विमानांत तीन नाविक मैल (एक नाविक मैल म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर) पुरतात. ए-३८० या महाकाय विमानाच्या मागे मात्र मध्यम वजनाच्या विमानाला सात आणि हलक्याला आठ नाविक मैल ठेवावे लागतात. दोन समांतर धावपट्ट्या ७६० मीटरपेक्षा जवळ असतील, तर भोवऱ्यांच्या हिशोबात त्या एकच धावपट्टी समजल्या जातात. जड आणि हलकी विमाने आलटून पालटून आली की तासाची संख्या घसरते, म्हणून नियंत्रक शक्यतो सारख्या वजनाची विमाने एकामागे एक लावतात. लंडनजवळच्या गॅटविकला एका धावपट्टीवर तासाला ५५ पर्यंत उड्डाणे-अवतरणे जमतात त्या या काटेकोर क्रमामुळेच.

तिसऱ्या कारणाकडे प्रवाशांचे सहसा लक्ष जात नाही: धावपट्टी ओलांडणे. अटलांटात पाच समांतर धावपट्ट्या आहेत. बाहेरच्या पट्टीवर उतरलेल्या विमानाला गेटकडे येताना आतली, उड्डाणाची पट्टी ओलांडावी लागते. प्रत्येक वेळी उडणारे विमान थांबवायचे, उतरलेले पलीकडे न्यायचे, मग उड्डाण. वेळ तर जातोच, पण परवानगी नसताना विमान धावपट्टीवर येण्याचा धोकाही इथेच असतो. यावर २००७ मध्ये तिथे एका धावपट्टीच्या टोकाला वळसा घालणारा टॅक्सीवे, म्हणजे विमानांनी जमिनीवरून चालत जाण्याचा रस्ता, बांधला. तो धावपट्टीच्या पातळीपेक्षा सुमारे नऊ मीटर खोल आहे, म्हणजे वरून उडणाऱ्या विमानाच्या वाटेत खालच्या विमानाचे उंच शेपूट येत नाही. डॅलस-फोर्ट वर्थनेही पुढे असाच वळसा बांधला.

आणि वारा बदलला तर सगळी मांडणीच उलटी करावी लागते. विमाने वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतात आणि उतरतात, त्यामुळे दिशा बदलताना रांगेतली सगळी विमाने दुसऱ्या टोकाला न्यावी लागतात. त्यात पंधरा-वीस मिनिटे सहज जातात.

प्रश्न: डॅलस-फोर्ट वर्थच्या नकाशात १७ आणि १८ क्रमांकाच्या धावपट्ट्या अगदी समांतर दिसतात. क्रमांक जर दिशेवरून देतात, तर हे कसे?

क्रमांक दिशेवरूनच येतो. चुंबकीय दिशेच्या अंशांना दहाने भागून जवळचा पूर्णांक घेतात. समांतर पट्ट्या असतील तर डावी, मधली, उजवी अशी जोड देतात. अशी विशेषणे तीनच आहेत. डॅलसला एका दिशेच्या पाच पट्ट्या असल्याने तीन १७ झाल्या आणि दोघींना शेजारचा आकडा, १८, दिला. अटलांटात याच कारणाने ८, ९ आणि १० असे क्रमांक आहेत. पृथ्वीचा चुंबकीय उत्तर ध्रुव सरकत असल्याने क्रमांक कधी बदलावेही लागतात. लंडनच्या स्टॅन्स्टेडची ०५/२३ ही पट्टी २००९ मध्ये ०४/२२ झाली.

प्रश्न: डेन्व्हरची एक धावपट्टी जवळजवळ पाच किलोमीटर लांब का?

ती ४,८७७ मीटरची आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,६५५ मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, उन्हाळ्यात आणखी विरळ. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, म्हणून पूर्ण भरलेल्या विमानाला जास्त धाव लागते. पट्टी आखूड असती तर दुपारच्या उन्हात लांब पल्ल्याच्या विमानांना माणसे किंवा माल मागे ठेवावा लागला असता.

प्रश्न: मोठ्या विमानतळावर विमान बदलायचे आहे. मध्ये किती वेळ ठेवावा? तिकीट विकणारी वेबसाइट एक तास दहा मिनिटेही पुरेशी दाखवते.

वेबसाइट दाखवते तो ‘किमान कनेक्शन वेळ’ असतो. विमानतळ आणि एअरलाइन्स मिळून तो ठरवतात. पहिले विमान वेळेवर आले तर तेवढ्यात पोहोचता येते, एवढाच त्याचा अर्थ. उशीर, लांब टॅक्सिंग यांची सोय त्यात फारशी नसते. ॲमस्टरडॅमच्या पोल्डरबान या दूरच्या धावपट्टीवर उतरलेले विमान गेटपर्यंत यायलाच दहा ते वीस मिनिटे घेते. त्यात जाण्याच्या गेटचे दार सुटण्याच्या वेळेआधी साधारण १५ ते २० मिनिटे बंद होते. एक तास दहा मिनिटांतून हे सगळे वजा करून पाहा.

आरक्षणाआधी हे क्रमाने तपासा. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर आहेत का, हे सर्वांत आधी. असतील तर उशीर झाल्यास पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी एअरलाइनची. वेगवेगळी तिकिटे असतील तर ती आपली. मग सामान घेऊन बाहेर यावे लागेल, पुन्हा चेक-इन करावे लागेल आणि त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. अशा वेळी चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग टर्मिनल पाहा. डॅलसला पाचही टर्मिनल सुरक्षा तपासणीच्या आतल्या रेल्वेने जोडलेली आहेत. न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडीवर मात्र टर्मिनल बदलायचे म्हणजे बाहेर पडून पुन्हा तपासणी. दुबईचे टर्मिनल २ तर धावपट्ट्यांच्या पलीकडच्या बाजूला आहे.

त्यानंतर देश. अमेरिकेत फक्त विमान बदलायचे असले तरी देशात प्रवेशाची पूर्ण प्रक्रिया होते. सर्वसाधारणपणे पहिल्याच विमानतळावर सामान ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते. डब्लिन किंवा अबू धाबीहून जाताना ही तपासणी निघण्याआधीच होते आणि तिकडे वेळ वाचतो. शेंगेन देशांत (आपसांत पासपोर्ट तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांत) जाताना पासपोर्ट पहिल्या शेंगेन विमानतळावर तपासला जातो, शेवटच्या मुक्कामावर नाही. अमेरिकेतल्या प्रवेशाच्या पहिल्या विमानतळावर विमान बदलत असाल तर तीन तास, एकाच टर्मिनलमध्ये इमिग्रेशनशिवाय बदलत असाल तर दोन तास, हे सुरक्षित धरा.

ड्युटी-फ्रीमधली १०० मिलिलीटरपेक्षा मोठी बाटली विमान बदलताना पुन्हा तपासली जाते. दुकानाने दिलेली सीलबंद पिशवी उघडू नका आणि पावती आतच राहू द्या. पिशवी फाटली की बाटली जप्त होते.

प्रश्न: सामान हरवते ते नक्की कुठे? आणि हरवले तर काय करावे?

सर्वांत जास्त चुका विमान बदलताना होतात. टॅगवर दहा अंकी क्रमांक आणि बारकोड असतो, आणि पट्ट्यावरचे स्कॅनर तो वाचून बॅग योग्य वाटेला वळवतात. टॅग सुरकुतला, दुमडला किंवा जुना टॅग बॅगेवर राहिला तर वाचन चुकते आणि बॅग हाताने तपासायच्या रांगेत जाते. तेवढ्यात विमान निघून जाते.

सामानाची यंत्रणा किती बिघडू शकते याचे उदाहरण डेन्व्हरच. संगणकावर चालणाऱ्या गाड्यांनी सगळ्या विमानतळाचे सामान वाहायचे ठरले होते, पण निर्णय झाला तेव्हा बांधकाम सुरू झालेले होते. तयार होत असलेल्या बोगद्यांत रूळ बसवावे लागले आणि वळणे अवघड झाली. रिकाम्या गाड्या हव्या तिथे वेळेवर पोहोचेनात, चाचण्यांत बॅगा रुळांवर पडून चिरडल्या. ऑक्टोबर १९९३ मधले उद्घाटन लांबत २८ फेब्रुवारी १९९५ ला झाले. पुढेही ही यंत्रणा विमानतळाच्या एका भागातच चालली, आणि २००५ मध्ये तीही बंद करून साधे पट्टे आणि ट्रॅक्टर वापरात आले.

आपल्या हातात एवढे आहे: जुने टॅग आणि चिकटलेल्या बारकोडच्या छोट्या पट्ट्या काढून टाका. नव्या टॅगवरची तीन अक्षरे आपल्या शेवटच्या विमानतळाची आहेत का, ते काउंटरवरच पाहा. नाव-पत्ता बॅगेच्या आतही ठेवा. बॅग आली नाही तर बाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवून संदर्भ क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅग खराब झाल्याची लेखी तक्रार ती मिळाल्यापासून सात दिवसांत, उशिरा मिळाल्याची २१ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते.

प्रश्न: आता दुबई आणि रियाध आणखी प्रचंड विमानतळ बांधणार आहेत. इतके मोठे करून उपयोग होतो का?

दुबईचा अल मक्तूम सुमारे ७० चौरस किलोमीटरवर, पाच समांतर धावपट्ट्या आणि वर्षाला २६ कोटी प्रवाशांच्या क्षमतेचा आखला आहे. रियाधचा किंग सलमान ५७ चौरस किलोमीटर आणि सहा धावपट्ट्यांचा. उपयोग होतो की नाही हे ठरते एका गोष्टीवर: जुना विमानतळ बंद होतो की चालू राहतो. इस्तंबूलने एप्रिल २०१९ मध्ये प्रवासी वाहतूक एका झटक्यात नव्या जागी हलवली. डेन्व्हरनेही जुना स्टेपलटन बंद केला.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलने तसे केले नाही. तिथला नवा विमानतळ, मिराबेल, १९७५ मध्ये उघडला. त्यासाठी जवळपास ४०० चौरस किलोमीटर जमीन सरकारने घेतली होती, म्हणजे त्या काळी क्षेत्रफळाने तो जगात पहिला. पण देशांतर्गत उड्डाणे शहराजवळच्या जुन्या दोर्व्हाल विमानतळावरच राहिली, आंतरराष्ट्रीय मिराबेलला गेली. विमान बदलायचे तर प्रवाशाला रस्त्याने एका विमानतळाहून दुसरीकडे जावे लागे, आणि ठरलेली जलद रेल्वे कधी झालीच नाही. साहजिकच प्रवाशांनी आणि कंपन्यांनी टोरंटो गाठले. १९९७ पासून आंतरराष्ट्रीय नियमित उड्डाणे दोर्व्हालला परतू लागली, २००४ मध्ये शेवटचे प्रवासी विमान गेले आणि २०१४ मध्ये टर्मिनल पाडायला सुरुवात झाली. घेतलेल्या जमिनीचा बराच भाग आधीच शेतकऱ्यांना परत विकला गेला होता. धावपट्टी मात्र वाया गेली नाही: तिथे आज मालवाहू विमाने उतरतात आणि विमानांचे कारखाने चालतात.