'पेलोड' नावाची शाखा नसते, दादा

तासगाव तालुक्यातल्या एका वडिलांचं अडीच पानी पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

'माझ्या दोन दहा-चाकी गाड्या आहेत. द्राक्षं आणि बेदाणा वाशीला नेतो. मुलगी बारावी सायन्सला, अकरावीला ६१ टक्के पडले. चांद्रयान उतरलं तेव्हा टीव्हीवर सारखं पेलोड पेलोड चाललं होतं, त्याच दिवशी ठरवलं की हिला पेलोड इंजिनिअर करायचं. एका क्लासमध्ये पेलोड शिकवतात असं कळलं म्हणून २५ हजार भरले, २० हजार बाकी आहेत. पण ती घरी काय करते बघितलं तर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, रॉकेटचं नाव नाही. आता म्हणते क्लास बंद करा. मी पाहुण्यांत, गावात सांगून बसलोय. गाडीच्या मागं "इस्रो कन्या" रंगवून घेतलंय. ती भित्री आहे, तिचं ऐकू नका. पेलोड ही ब्रँच कुठल्या कॉलेजला मिळेल तेवढं कळवा. तिचं डोकं भलतीकडंच चालतं. परवा आमच्या ड्रायव्हरला सांगत होती, पेट्या पुढं घ्या, वजन मागं गेलं की स्टिअरिंग हलकं पडतं.'

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. अकरावीला ६१ पडलेली पुष्कळ मुलं पुढं उत्तम इंजिनिअर झालेली मी पाहिली आहेत. काळजी वाटली ती गाडीच्या मागच्या त्या अक्षरांची.

अडीच पानांत तुमचं स्वप्न आहे, पाहुणे आहेत, गाव आहे, क्लासची फी आहे. लेकीच्या तोंडची वाक्यं फक्त दोन. एक, 'क्लास बंद करा'. दुसरं, पेट्या पुढं घेण्याचं. पहिलं तुम्ही भित्रेपणा म्हणून सोडून दिलंत आणि दुसरं भलतीकडं चाललेलं डोकं म्हणून. मला मात्र सबंध पत्रात तीच दोन वाक्यं महत्त्वाची वाटली.

रोज सकाळी ती कॉलेजला निघते तेव्हा अंगणात गाडी उभी असते, आणि जे अजून झालेलंच नाही ते तिच्या नावावर रंगवलेलं असतं. ती गाडी वाशीपर्यंत जाते, धाब्यावर थांबते, चारचौघं ते वाचतात. १७ वर्षांच्या मुलीनं उद्या बीएस्सीला जायचं म्हटलं, किंवा एक वर्ष कमी मार्क पडले, तर तिला नुसतं वडिलांना सांगून भागणार नाही, गाडी वाचणाऱ्या प्रत्येकाला तोंड द्यावं लागेल. तुम्ही हे प्रेमापोटी केलंत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते पुसून घ्या. या आठवड्यात घ्या. पेंटरला द्यायचे पैसे क्लासच्या पुढच्या हप्त्यापेक्षा नक्कीच कमी असतील.

आणि तिला भित्री म्हणू नका. वडिलांनी २५ हजार भरल्यावर 'हे माझं नाही' असं तोंडावर सांगायला धाडस लागतं. अशी मुलं सल्ला घ्यायला माझ्यासमोर रोज बसतात. बहुतेक जण गप्प राहून चार वर्षं काढतात आणि मग सांगतात.

आता पेलोडबद्दल. तुम्ही फसलात असं मी म्हणणार नाही. क्लासवाल्यांनीही कदाचित खोटं सांगितलं नसेल. शब्द एकच, पण तो ज्याच्या तोंडी आहे त्याप्रमाणे अर्थ बदलतो. गंमत नाही, खरंच सांगते, या शब्दाचा मूळ अर्थ तुमच्या घरात जितका कळतो तितका इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या पोरांना कळत नाही. पेलोड म्हणजे भाडं मिळवून देणारं वजन. रिकामी गाडी काट्यावर घालता, मग भरून घालता, वजा करून जे उरतं ते. डिझेल, ड्रायव्हर, हौदा, ताडपत्री यांचे पैसे व्यापारी देत नाही, तो पेट्यांचे देतो. तुमच्या दहा-चाकीची पासिंग २०१८ च्या नव्या नियमाची असेल तर भरलेलं वजन २८.५ टन. त्यातलं नऊ-दहा टन गाडीचं धरलं तरी जवळजवळ दोन तृतीयांश वजन भाडं मिळवतं.

हाच हिशोब रॉकेटला लावा. चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ ला घेऊन गेलेलं एलव्हीएम-३ रॉकेट उडताना साधारण ६४० टनांचं असतं. त्यानं वर नेलेलं यान ३,९०० किलोचं. म्हणजे शंभर किलोमागं जेमतेम सहाशे ग्रॅम माल, बाकी बहुतेक सगळं इंधन. आता त्या ३,९०० किलोच्या आत बघा. २,१४८ किलोचं प्रॉपल्शन मॉड्यूल हे चंद्रापर्यंत ओढून नेणारं इंजिन आणि १,७५२ किलोचा विक्रम लँडर हा त्याचा माल. लँडरच्या पोटात २६ किलोचा प्रज्ञान रोव्हर. आणि रोव्हरवर चंद्राच्या मातीत कोणती मूलद्रव्यं आहेत ते तपासणारी दोन उपकरणं. रॉकेटवाल्याला विचारलं तर अख्खं यान पेलोड. यान बनवणाऱ्याला विचारलं तर पेलोड म्हणजे ती उपकरणं, यान ही नुसती गाडी. टीव्हीवर तुम्ही ऐकलं ते या दुसऱ्या अर्थानं.

मग क्लासमध्ये काय शिकवत होते? तिथला पेलोड संगणक सुरक्षेतला. घुसखोर प्रोग्रॅमचे ढोबळमानानं दोन भाग असतात: एक आत शिरण्याचं काम करतो, दुसरा आत गेल्यावर जे करायचं ते करतो. त्या दुसऱ्याला पेलोड म्हणतात. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा असा प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि जगभर पसरला. आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्यात अडकलं आणि कंटेनरच्या गाड्या ताटकळल्या. तुमच्या धंद्यातल्या कंटेनरवाल्यांना विचारा, कुणाला तरी आठवेल. पडद्यावर खंडणीचा मजकूर यायचा, पण पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच. त्याचा पेलोड नासधूस करण्यासाठीच लिहिलेला होता.

हे शिकणं वाईट नाही. बँकांना, बंदरांना, हॉस्पिटलांना आपली कुलुपं तपासून देणारी माणसं लागतात आणि त्यांना चांगला पगार मिळतो. पण ज्याची यंत्रणा तपासायची त्याची लेखी परवानगी हवी. ती नसेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बारावीतल्या मुलीला हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं का, ते तिलाच विचारा. सांगितलं नसेल तर उरलेले २० हजार देऊ नका. आणि सांगितलं असलं तरी, तिला नको आहे, म्हणून देऊ नका.

तुम्ही जिथं अडकला आहात, तिथंच दर जूनमध्ये शेकडो पालक अडकलेले मला दिसतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. बातमीत एखादा शब्द गाजतो आणि तो शब्द म्हणजेच एखादी शाखा, एखादी डिग्री, असं वाटू लागतं. एका वर्षी ते ड्रोन होतं, एका वर्षी एआय. पेलोड ही शाखा नाही, ते कामाच्या शेवटी तयार होणाऱ्या वस्तूचं नाव आहे. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य एल-१ वर सात पेलोड आहेत. त्यातली 'सूट' नावाची दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेनं इस्रोबरोबर मिळून घडवली. सूर्याच्या ज्या अतिनील किरणांतले बरेचसे ओझोनच्या थरामुळं जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, त्यांत ती अकरा फिल्टरमधून सूर्याची चित्रं घेते. अशा दुर्बिणीच्या आरशावर वाफेचा सूक्ष्म थर बसला तरी चित्र मंद होतं, म्हणून ती धूळमुक्त खोलीत, डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेतलेल्या माणसांनी जोडायची असते. ती घडवायला सूर्याचा अभ्यासक लागतो, प्रकाशशास्त्र जाणणारा लागतो, तापमान सांभाळणारा, इलेक्ट्रॉनिक्सवाला, सॉफ्टवेअरवाला, आणि उड्डाणाच्या हादऱ्यात ती मोडू नये म्हणून सांगाडा आखणारा मेकॅनिकल इंजिनिअरही लागतो. यांतल्या कुणाच्याही डिग्रीवर 'पेलोड' असं लिहिलेलं नसतं. खुद्द इस्रोची इंजिनिअरांची मोठी भरती असते ती इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, कॉम्प्युटर अशा साध्या शाखांतून, डिग्रीला किमान ६५ टक्के असावेत या अटीवर. आयटीआय केलेले फिटर आणि डिप्लोमावालेही तिथं लागतात.

परीक्षांचं एका ओळीत: राज्यातल्या इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी, तिरुअनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ तंत्रज्ञानाच्या संस्थेतल्या बीटेकला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, आणि भौतिकशास्त्रच आवडत असेल तर पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसाठी तिथली अभिरुची परीक्षा.

या शब्दाचे अर्थ इथंच संपत नाहीत, आणि तिच्यासमोर ते सगळे मांडावेत असं मला वाटतं. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांत 'पेलोड चुकीचा गेला' हे वाक्य रोज ऐकू येतं. तिथं पेलोड म्हणजे संदेशातला खरा मजकूर, पत्ता लिहिलेलं पाकीट सोडून. कॉम्प्युटर जोडणाऱ्या इथरनेटच्या तारेतून एका खेपेला असा १,५०० बाइटपर्यंत मजकूर जातो आणि पाकिटाचे १८ बाइट वेगळे. फवारणीच्या ड्रोनला तो औषधाच्या टाकीचा भार, क्षेपणास्त्राला स्फोटक.

मला स्वतःला सगळ्यात भिडतो तो औषधातला अर्थ. कर्करोगावरच्या काही नव्या औषधांत एक प्रतिपिंड असतो, जो कर्करोगाच्या पेशीवरची खूण ओळखून तिला चिकटतो. त्याला जहाल विषाचे रेणू जोडलेले असतात. ते विष इतकं तीव्र की तसंच शिरेतून दिलं तर रोग्यालाच झेपणार नाही. प्रतिपिंड त्याला पेशीच्या दारापर्यंत नेतो, पेशी दोघांना आत ओढून घेते आणि विष बहुतेक तिथंच सुटतं. त्या विषालाही संशोधक पेलोडच म्हणतात. स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरच्या, अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालेल्या अशा औषधात एका प्रतिपिंडामागं सरासरी साडेतीनच रेणू असतात. प्रचंड मोठी गाडी आणि चिमूटभर माल, अगदी रॉकेटसारखं. हे वाचून तिचे डोळे चमकले तर तिचा रस्ता रसायनशास्त्राकडं किंवा फार्मसीकडं असेल. इस्रो तिथं येणारच नाही, आणि ते चालेल.

आता त्या पेट्यांकडं येते. दादा, वजन मागच्या आसाच्या पलीकडं सरकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडी ऐकत नाही, हे तुम्हाला वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवून कळलं असेल. तुमच्या ड्रायव्हरलाही ठाऊक असणार. तिला ते कुणी शिकवलं? तिनं गाडी चालवलेली नाही. तिनं बघितलं, कारण शोधलं आणि ज्याचं काम आहे त्याला जाऊन सांगितलं. उपग्रह रॉकेटवर चढवण्याआधी त्याचा गुरुत्वमध्य कुठं पडतो ते असंच काटेकोर मोजतात, आणि मध्य हलला तर वजनं लावून जागेवर आणतात. म्हणून ती इस्रोत जाईल असं मी म्हणत नाही, कृपा करून तसं गाडीवर लिहूही नका. मी एवढंच म्हणते की तिचं डोकं चालतं कुठं ते तुमच्या पत्रातच लिहिलेलं होतं. मेकॅनिकल, ऑटोमोबाइल, सिव्हिलमधलं स्ट्रक्चर, यांची ओळख तिला करून द्यावी असं मला दिसतं. तिला यांतलं काही नको असेल तर तेही ऐकायचं.

दोन कामं करा. पुढच्या वेळी गाडी काट्यावर न्याल तेव्हा तिला बरोबर घ्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, अशा दोन पावत्या करून घ्या आणि मध्य कुठं पडतो ते तिला काढायला सांगा. आसांमधलं अंतर टेपनं मोजून द्या, बाकी तिचं ती बघेल. तुम्ही शिकवायला जाऊ नका, नुसते शेजारी थांबा. दुसरं, विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, आयुका आणि नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली करतात. बारावीची परीक्षा असल्यामुळं यंदा नाही जमणार, पुढच्या वर्षी ती कुठल्याही शाखेत असली तरी जा. गाडी वाशीला जातेच, एक दिवस वाट वाकडी करा.

आणि पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. पाकीट तिलाच चिकटवू द्या, तुम्ही फक्त पोस्टात टाका.