मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला विसर पडणे, चिडचिड होणे आणि दुपारीच गळून जाणे, हे आजारामुळे असते की मनाचे?

आपल्या 34 वर्षांच्या पत्नीविषयी आपण हे विचारले आहे आणि घरातील काही जण तिला आळशी समजतात, असेही लिहिले आहे. मला या आजाराचे निदान होऊन नऊ वर्षे झाली. मी नाशिकरोडच्या एका शाळेत गणित शिकवते, आणि हे तिन्ही त्रास मी भोगले आहेत. ते खरे आहेत, आजाराचाच भाग आहेत आणि एकमेकांत गुंतलेले आहेत.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावरच हल्ला करते, त्यामुळे संदेशांचा वेग मंदावतो. स्टाफरूममध्ये दोघी जणी एकदम बोलू लागल्या की पहिले वाक्य मला उमगेपर्यंत तिसरे येऊन गेलेले असते, आणि संध्याकाळी लोक म्हणतात, ‘‘तुम्ही विसरलात.’’ जे नीट आत पोहोचलेच नाही, ते आठवणार कुठून? 1868 मध्ये या आजाराचे व्यवस्थित वर्णन करणारे फ्रेंच डॉक्टर शार्को यांनीही स्मरणशक्ती क्षीण होण्याची आणि विचार मंदावण्याची नोंद केली होती. तरीही आजही अनेकदा तपासणी चालणे आणि दिसणे एवढ्यापुरतीच राहते. चिन्हे आणि अंक जुळवण्याची 90 सेकंदांची एक साधी चाचणी असते. ती करता येईल का, हे न्यूरॉलॉजिस्टना आवर्जून विचारा. घरी टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच गोष्ट सांगा.

थकव्याचे म्हणाल, तर एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकला की माझे पाय जड होतात आणि डोळ्यांपुढे धूसर दिसू लागते. उष्णतेने वाढलेली ही लक्षणे शरीर थंड झाल्यावर ओसरतात आणि त्यामुळे नवी इजा होत नाही. मात्र नवे लक्षण 24 तासांहून अधिक टिकले, तर डॉक्टरांना कळवावे. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 आणि झोप यांचीही तपासणी करून घ्या, कारण थकव्याचे सगळे खापर या एकाच आजारावर फोडले की सहज बरे होण्यासारखे कारण नजरेआड होते. कडक स्नायू सैल करणाऱ्या बॅक्लोफेनसारख्या गोळ्यांनीही गुंगी येते, पण त्या स्वतःहून एकदम बंद करू नयेत.

मनाच्या बाबतीत मी स्वतः फार उशीर केला. या आजाराच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते, आणि नैराश्यामुळे स्मरण व उत्साह दोन्ही आणखी खालावतात. माझ्यावर समुपदेशन आणि औषध यांनी उपचार झाल्यावर वर्गात मुलांची नावे पुन्हा आठवू लागली, तेव्हाच मला हा संबंध उमगला. आपल्या पत्नीने जगण्याचा कंटाळा आल्याचे एकदा जरी बोलून दाखवले, तरी पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही बोलता येते.