शंका-समाधान : मुलगा वर घेतला गेला आणि मी मागे राहिले तर?

प्रश्न : आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. यजमान वारले. मुलगा पर्यटकांची बोट चालवतो. गेल्या पावसाळ्यात धंदा बंद होता तेव्हापासून तो एका प्रार्थनासभेला जायला लागला. दारू सुटली, ते चांगलंच झालं. पण आता रोज एकच विषय, रॅप्चर. येशू कुठल्याही क्षणी येणार, खरे विश्वासी जागच्या जागी नाहीसे होणार, बाकीचे सात वर्षांच्या महासंकटात सापडणार. परवा मालवणच्या बाजारातून घरी आले तर दार सताड उघडं, टीव्ही चालू, मोबाईल चार्जिंगला आणि घरात चिटपाखरू नाही. हाका मारल्या, ओ नाही. माझे हातपायच गळाले. तो खाडीवर कुणाची होडी ओढायला गेला होता. हसू नका. बायबलमध्ये खरंच असं लिहिलंय का? आणि माझे यजमान गेले, त्यांचं काय?
– एक आई, देवबाग

उत्तर : हसत नाही, ताई. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण ज्या वचनावर रॅप्चरचा सगळा डोलारा उभा आहे, ते वचन मुळात याच प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलं गेलं.

थेस्सलनीका हे मासेदोनियातलं, म्हणजे आजच्या उत्तर ग्रीसमधलं बंदराचं शहर. तिथल्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला, येशूचा प्रेषित पौल याने इसवी सन ५०च्या सुमारास पत्र पाठवलं. मंडळीतली काही माणसं वारली होती आणि घरच्यांना घोर लागला होता, की प्रभू येईल तेव्हा आपण असू, पण आपली गेलेली माणसं त्याला मुकणार की काय? पौल चौथ्या अध्यायात सांगतो, मुळीच नाही. ख्रिस्तात मेलेले आधी उठतील आणि मग जिवंत असलेले त्यांच्याबरोबरच मेघांमध्ये घेतले जातील. लगेच पुढे म्हणतो, या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. दोन नोव्हेंबरला तुम्ही यजमानांच्या कबरीवर मेणबत्ती लावत असाल, तिथे वाचायचा हा उतारा आहे. तो ऐकून कुणाच्या आईचे हातपाय गळत असतील, तर सांगणाऱ्याची सांगण्याची रीत बिघडली आहे असं मी म्हणेन.

तेव्हा वर घेतलं जाणं बायबलमध्ये आहे. वाद आहे तो कधी आणि कशासाठी, यावर. तुमचा मुलगा सांगतो ते मत असं, की प्रभू महासंकटाच्या आधी आपल्या लोकांना गुपचूप घेऊन जाईल आणि सात वर्षांनी उघडपणे परत येईल. ही सात वर्षं बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातल्या शेवटच्या ‘सप्तका’वरून, म्हणजे सातांच्या गटावरून काढलेली. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण ३:१० मध्ये, ‘परीक्षेच्या घटकेपासून राखीन’ असं अभिवचन आहे, त्याचाही ते आधार घेतात. म्हणजे मत हवेतलं नाही. पण सात वर्षं एका पुस्तकातून, वर घेतलं जाणं दुसऱ्यातून, संकट तिसऱ्यातून, असं ते जुळवलेलं आहे. सलग एका ठिकाणी तसं कुठेही लिहिलेलं नाही. या मांडणीला पक्कं रूप आलं १८३० नंतर, जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून. ते आधी आयर्लंडमध्ये अँग्लिकन पाळक होते, मग ब्रदरन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींचे पुढारी झाले. १९०९ साली अमेरिकेत स्कोफिल्ड यांचं टीपांसह बायबल निघालं आणि ही शिकवण घरोघर गेली. वचन आणि खालची टीप एकाच पानावर असली की सामान्य वाचकाला दोन्ही सारखीच पवित्र वाटायला लागतात.

याच घराण्यात पोटभेदही आहेत. काही म्हणतात, साडेतीन वर्षं सरल्यावर नेईल. काही म्हणतात, संकट संपल्यावरच, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानात, २४व्या अध्यायात, ‘त्या दिवसांतल्या संकटानंतर’ देवदूत निवडलेल्यांना गोळा करतील असं येशू स्वतः सांगतो. मला विचाराल तर हे शेवटचं मत मजकुराला जास्त धरून आहे. पौलाच्या त्याच उताऱ्यात आज्ञाध्वनी आहे, आद्यदूताची वाणी आहे, देवाचा तुतारीनाद आहे. एवढा गजर होणार असेल तर गुपचूप काय राहिलं?

आणि मेघांत जायचं ते प्रभूला सामोरं जायला. आपल्याकडे वऱ्हाड गावाच्या वेशीवर आलं की मुलीकडचे सामोरे जाऊन सीमांतपूजन करतात. तिथून व्याह्यांबरोबर कुणी त्यांच्या गावाला निघून जात नाही, वाजतगाजत मांडवातच आणतात. त्या काळीही तशीच चाल होती. प्रेषितांच्या कृत्यांत २८:१५ पाहा : पौल रोमला येतोय कळल्यावर तिथले बंधू अप्पियाच्या पेठेपर्यंत आणि तीन उतारशाळांपर्यंत सामोरे गेले आणि त्याच्यासोबत रोमला परतले. पौलाला हेच चित्र म्हणायचं होतं असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत आणि मी त्यांच्यातला.

‘शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल’ हे वाक्य मुलाने तुम्हाला ऐकवलंच असेल. त्याला सांगा, वरच्या दोन ओळीही वाच. तिथे नोहाचा जलप्रलय आहे, आणि त्यात वाहून गेले ते दुर्जन, मागे राहिला तो नोहा. लूकच्या शुभवर्तमानात याच बोलण्यावर शिष्य विचारतात, ‘कुठे, प्रभू?’ तर उत्तर मिळतं, जिथे मढं तिथे गिधाडं जमतील. तिथे नेलं जावं असं कुणाला वाटेल? डार्बींच्या परंपरेतले काही जाणते पंडितही हे वाक्य रॅप्चरला लावत नाहीत.

तुमच्या चर्चचं म्हणणं तुम्ही दर रविवारच्या मिस्सात म्हणताच, की तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल. एकदाच, उघडपणे. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात तर स्पष्ट आहे की त्याच्या येण्याआधी चर्चला शेवटच्या कसोटीतून जावं लागेल. आधीच सुटका, असं तिथे नाही. ऑर्थोडॉक्स, लुथरन आणि आम्ही जुन्या वळणाचे प्रोटेस्टंटही साधारण हेच मानतो.

मुलाशी वाद मात्र घालू नका. ज्या सभेने त्याची दारू सोडवली तिला नावं ठेवलीत तर तो तुमचं ऐकणार नाही, आणि का ऐकावं? संध्याकाळी रोझरी झाली की त्यालाच थेस्सलनीकाकरांचं पहिलं पत्र ४:१३ पासून मोठ्याने वाचायला सांगा. सतराव्या ओळीपासून नव्हे, तेराव्यापासून. बाबांबद्दल काय लिहिलंय ते त्याच्याच तोंडून ऐका. आणि खाडीवर जाताना मोबाईल बरोबर ने म्हणावं.

प्रश्न : एका प्रचारकाने येशूच्या येण्याची पुढच्या वर्षीची तारीखच सांगितली आहे. मुलीचं लग्न ठरलंय, पण व्याही म्हणतात, आता कशाला खर्च, थांबू या. काय करावं?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मत्तय २४:३६ प्रमाणे तो दिवस देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. प्रचारकाला कुठून कळला ते त्यालाच विचारा. अमेरिकेत विल्यम मिलर यांचे अनुयायी २२ ऑक्टोबर १८४४ला वाट बघत बसले होते. हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ही तारीख दिली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबर दिली, तीही टळली. थेस्सलनीकातही काहीजण कामधंदा सोडून बसले होते. त्यांना पौलाने दुसऱ्या पत्रात बजावलं, काम करायचं नसेल तर खाऊही नका. लग्न करा. ईस्टरआधीचा उपवासकाळ टाळून मे महिन्यातली तारीख हवी असेल, तर हॉल आत्ताच बुक करा.