बिनफुप्फुसी सॅलॅमँडर : श्वासोच्छ्वास की श्वसन?

सॅलॅमँडर हा पालीसारखा दिसणारा, शेपटी असलेला उभयचर प्राणी. त्याच्या फुप्फुसे नसलेल्या प्रकाराच्या ‘लंगलेस सॅलॅमँडर’ या इंग्रजी नावासाठी ‘फुप्फुसहीन सॅलॅमँडर’ हा प्रतिशब्द चालेल का, आणि ‘हा प्राणी त्वचेने श्वासोच्छ्वास करतो’ हे वाक्य बरोबर आहे का, असे दोन प्रश्न आले आहेत.

‘फुप्फुसहीन’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ‘बलहीन’, ‘बुद्धिहीन’ यांप्रमाणे त्यात असायला हवे ते नसल्याची, उणिवेची छटा येते. प्लेथोडॉन्टिडी हे या प्राण्यांचे कुल सॅलॅमँडरांमध्ये सर्वांत मोठे असून त्यात ४०० हून अधिक जाती आहेत, तेव्हा फुप्फुसांवाचून त्यांचे काही अडलेले दिसत नाही. म्हणून ‘बिनविषारी’, ‘बिनतारी’ या धर्तीवर घडवलेला ‘बिनफुप्फुसी’ हा शब्द मला अधिक रुचतो. (शास्त्रीय नावात फुप्फुसांचा उल्लेखच नाही, ‘प्लेथोडॉन’ या ग्रीक घटकांच्या नावाचा रोख पुष्कळ दातांकडे आहे.)

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘श्वासोच्छ्वास’ म्हणजे श्वास आणि उच्छ्वास, अर्थात हवा आत घेणे व बाहेर सोडणे. त्वचा यांपैकी काहीच करत नाही. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलांत, पालापाचोळ्याखाली राहणाऱ्या लाल पाठीच्या सॅलॅमँडरची कातडी पातळ, ओलसर आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्याने भरलेली असते. ऑक्सिजन त्या ओलाव्यात विरघळून रक्तात शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने बाहेर पडतो. कातडी सुकली की हा व्यवहार खुंटतो. वायूंच्या अशा देवघेवीला ‘श्वसन’ हा व्यापक शब्दच शोभतो, आणि गांडुळाच्या संदर्भात ‘त्वचेवाटे श्वसन’ ही रचना आपल्या परिचयाचीही आहे.

एक आक्षेप मात्र रास्त ठरेल. हे प्राणी घशाचा तळ भराभर खालीवर करून नाकपुड्यांवाटे तोंडात हवा खेळवतात आणि तोंडाच्या आतील अस्तरातूनही थोडी वायूंची देवघेव होते. तेवढ्या क्रियेला कोणी ‘श्वासोच्छ्वास’ म्हटले, तर मी वाद घालणार नाही. पण त्या शब्दाशेजारी ‘त्वचेने’ बसत नाही. ‘हा बिनफुप्फुसी सॅलॅमँडर मुख्यतः त्वचेवाटे श्वसन करतो’ असे वाक्य लिहावे.