गोड्या पाण्याच्या टाकीत दर आठवड्याला मीठ घालावे का?

घालू नये. तुमच्या शंभर लिटरच्या टाकीत कोरीडोरास, निऑन टेट्रा आणि गप्पी हे मासे आहेत, आणि रोगराई येऊ नये म्हणून दर आठवड्याला मूठभर मीठ टाकण्यास दुकानदाराने सांगितले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. हाच सल्ला आमच्या घरीही पाळला गेला आणि त्यावरून सुरू झालेला वाद आजही मिटलेला नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. सासूबाईंच्या आजारपणामुळे एका उन्हाळ्यात आम्हाला बराच काळ साताऱ्यात मुक्काम करावा लागला. त्या काळात माझे थोरले चुलत बंधू, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, आमच्या घरी राहत होते आणि टाकीची देखभाल त्यांनी आपणहून अंगावर घेतली होती. मासे मलूल दिसतात असे वाटून त्यांनी एका दुकानात विचारले आणि तेथील सल्ल्याप्रमाणे ते अधूनमधून मूठभर खडे मीठ टाकत राहिले. पाण्याची पातळी खाली गेली की ते वरून पाणी भरत, पण जुने पाणी काढत नसत. आम्ही परतलो तेव्हा कोरीडोरास वरच्या बाजूला येऊन धापा टाकत होते, व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची पाने पारदर्शक होऊन कुजत होती, आणि पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवरील, एरवी ४०० च्या आसपास असणारा आकडा ४,००० च्या पुढे गेला होता. कोरीडोरासपैकी बहुतेक दगावले.

दादांनी तेव्हाही बोअरच्या पाण्याला दोष दिला आणि आजही देतात. बोअरच्या नळाखाली तोच मीटर धरला असता ४०० दाखवतो. मग उरलेले क्षार कोठून आले, या माझ्या प्रश्नाला त्यांच्याकडून अद्याप उत्तर मिळालेले नाही. मला याचे वाईट अधिक वाटते, कारण दादा वाळवा तालुक्यातील जुने ऊस बागायतदार आहेत आणि कृष्णाकाठच्या जमिनी क्षारपड कशा झाल्या हे त्यांनी स्वतःच्या बांधावरून पाहिले आहे. काळ्या जमिनीला पाटाचे पाणी सतत द्यायचे, निचरा ठेवायचा नाही, मग पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार वर पांढरे फुटतात. त्यावर निचऱ्याचे पाइप गाडण्यासाठी खर्च करणाऱ्या माणसाने, निचराच नसलेल्या काचेच्या पेटीत मीठ साठत नाही असे म्हणावे, हे मला पटत नाही.

तुमच्या टाकीचा हिशेब करून पाहा. मूठ ५० ग्रॅमची धरली आणि तुम्ही दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलत असलात, तरी प्रमाण वाढत वाढत २५० ग्रॅमपर्यंत, म्हणजे लिटरला अडीच ग्रॅमपर्यंत जाऊन स्थिरावेल. पाणी न बदलता केवळ भर घालत राहिलात, तर दहा आठवड्यांतच लिटरला पाच ग्रॅम होईल आणि पुढे वाढतच राहील. निऑन टेट्रा हा ॲमेझॉन खोऱ्यातील मृदू पाण्याचा मासा आहे, आणि कोरीडोरासही दक्षिण अमेरिकेतील गोड्या पाण्यातलाच असून मिठाच्या बाबतीत नाजूक समजला जातो. त्यांना हा भार कायम का सोसायला लावायचा?

दुकानदार खोटे बोलतो असे मात्र नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांतून लांबचा प्रवास करून आलेले, दाटीवाटीने ठेवलेले मासे त्याच्याकडे थोडेच दिवस राहतात. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगातील क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक असल्याने पाणी सतत शरीरात शिरत असते आणि क्षार बाहेर झिरपत असतात. थकलेल्या माशावरचा हा ताण थोड्या मिठाने हलका होतो. तुमची टाकी म्हणजे माशांचा कायमचा मुक्काम आहे, तिला तो नियम लावू नये.

मीठ औषध म्हणून उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. नव्या टाकीत नायट्राइट, म्हणजे माशांच्या मलमूत्रापासून तयार होणारा विषारी घटक, वाढले तर ते कल्ल्यांवाटे रक्तात जाऊन हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची क्षमता घालवते. मिठातील क्लोराइड कल्ल्यांतील त्याच वाटेसाठी नायट्राइटशी स्पर्धा करते, म्हणून शंभर लिटरला दहा ग्रॅम इतके अल्प मीठही बहुधा पुरते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात लिटरला दोन ते तीन ग्रॅम मीठ, तेही दोन दिवसांत विभागून आणि विरघळवून देतात. माशाच्या कातडीखाली बसलेल्या परजीवीवर त्याचा परिणाम होत नाही. तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच मारता येतो, म्हणून ठिपके गेले तरी उपचार काही दिवस चालू ठेवावा लागतो. तुमच्याकडे कोरीडोरास असल्याने मी आधी तापमान हळूहळू ३० अंशांपर्यंत नेईन आणि एअर पंप चालू ठेवीन, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

घरातील आयोडीनयुक्त मीठही चालते. त्यातील आयोडीन इतके थोडे असते की या प्रमाणात अपाय होत नाही. काळे मीठ मात्र वापरू नये. मिठाने नळाच्या पाण्यातील क्लोरीन जात नाही, त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरावेत.

आजवर तुम्ही मीठ टाकलेच असेल, तर एकदम सगळे पाणी बदलू नका. दर दोन दिवसांनी दहा-पंधरा टक्के बदला आणि मधल्या काळात उडालेल्या पाण्याच्या जागी केवळ बिनमिठाचे पाणी भरा. मीटरवरील आकडा तुमच्या नळाच्या पाण्याजवळ येईपर्यंत हे चालू ठेवा.